धाड पडली की फोटो बायकांचेच का?

निपाणीकर:
लॉजवर धाड पडली की दुसऱ्या दिवशी पेपरात ओढणीनं तोंड झाकलेल्या बायका. लॉजमालकाचं नाव शेवटच्या ओळीत, तेही कधीमधी. आठ दिवसांनी त्याच बायका राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला, नाहीतर मिरजेला. आमची हद्द साफ, त्यांची घाण.
1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात बाईनं स्वतःहून धंदा करणं हा गुन्हाच नाही. गुन्हा भोवतालचा: कुंटणखाना चालवणं, गिऱ्हाईक बोलावणं, देऊळ-शाळेच्या 200 मीटरच्या आत बसणं. दोघींनी सोबत म्हणून एका खोलीत धंदा केला तरी तो कुंटणखाना! कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा माणूस आरोपी. म्हणजे आईच्या पैशावर डिप्लोमा करणारा पोरगाही अडकू शकतो. माझं म्हणणं एवढंच, सज्ञान बाई तिच्या मर्जीनं करत असेल तर ही कलमं काढा.

सौंदत्तीची लेक:
हा ‘मर्जी’ शब्द एकदा यल्लम्माच्या डोंगरावर येऊन म्हणा. केसात जट आली, देवी बोलावते, म्हणून पोरीच्या गळ्यात मणी बांधायचे. तिला विचारलं होतं कुणी? अशा म्हाताऱ्या मी आजोळी पाहिल्यात. पुढं त्यातल्या कितीतरी मुंबई-सांगलीच्या खोल्यांत गेल्या. कर्नाटकानं 1982ला देवाला सोडणंच गुन्हा ठरवलं, आईबापांना 5 वर्षांपर्यंत कैद. त्याऐवजी देवदासी नोंदणी कचेरी उघडली असती तर चाललं असतं तुम्हाला?

निपाणीकर:
ताई, अल्पवयीन पोरीबद्दल आपलं भांडणच नाही. मणी बांधणाऱ्याला आत घाला. पण ती पोर आज पस्तिशीची आहे. तिला पकडून काय मिळतं?

खानापूरचा मामा:
काय वो, 2007ला सरकारनं सारायी बंद केली की नाही? पाकिटं गेली. प्यायचे थांबले काय? चोर्ल्याच्या घाटातनं गोव्याची बाटली येतीच की. बंदीनं दर वाढतोय आणि हप्ताबी.

सौंदत्तीची लेक:
मामा, बाटलीला पोरंबाळं नसतात.

कोर्टकचेरी (बेळगाव):
इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय. गुन्हा काढणं वेगळं, परवाना देणं वेगळं. परवाना म्हणजे कार्ड, तपासणी आणि पोलिसांच्या हातात नावांची वही. निपाणीतही काम असलेल्या सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेची, म्हणजे या बायकांच्याच संघटनेची, मागणी गुन्हा काढण्याची आहे. न्यूझीलंडनं 2003ला तेच केलं. स्वीडननं 1999ला उलटं केलं, विकणारीला सोडलं आणि विकत घेणाऱ्याला धरलं.
आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं मे 2022मध्ये सांगितलं, धाडीत बायकांना अटक नको, छळ नको, ओळख पटेल असे फोटो छापू नका. तरी ‘सुटका’ झालेल्या बाईला त्याच 1956च्या कायद्याच्या कलम 17खाली 1 ते 3 वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. सुटका कसली ती.

सौंदत्तीची लेक:
स्वीडनचं पटलं बघा मला. एकदा गिऱ्हाईकाचा फोटो छापा. ओढणी न घेता.

निपाणीकर:
छापा की. पण आधी पेपरवाल्याला विचारा, वाढदिवसाच्या जाहिराती कोण देतं ते.