अनुभव धागा: "देवाची वेळ" तुम्ही ओळखली कशी?

धागा काढणारी, नगर
सर्वांना सलाम. चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला अनुभव सांगताना, "प्रभूने योग्य वेळी दिलं" म्हणून माणूस खाली बसतो, आपण आमेन म्हणतो, पण मधे काय चाललं होतं ते कोणी सांगतच नाही. बायबलमधला उपदेशक 3 सगळ्यांना पाठ आहे, रडण्याचा समय हसण्याचा समय, पण आपला सध्या कोणता चाललाय हे कळायचं कसं? नुसती वचनं टाकू नका प्लीज, स्वतःचं लिहा.

सिस्टर, सध्या मस्कत
मी नर्स. प्रोमेट्रिक (आखातातल्या नोकरीची परीक्षा) पास, डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी) क्लिअर, बरोबरच्या मुली गेल्यासुद्धा आणि माझाच व्हिसा अडकला. जाम चिडले होते देवावर. त्यातच पप्पांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. पेज भरवायची तर चमचा डाव्या गालाकडून न्यायचा, एक घास नीट गिळला की मगच दुसरा, नाहीतर ठसका, आणि हे घरात मलाच जमायचं. आता लोक म्हणतात बघ, म्हणूनच व्हिसा थांबला. मी नाही म्हणत तसं, माझा टाइम जुळवायला देव पप्पांना आजारी पाडेल का? पण मी घरी होते एवढं खरं. पुढे ते काठी घेऊन चालायला लागले, एजंटचा फोन आला आणि तेच म्हणाले, जा. फोन नाही, त्यांचं जा म्हणणं ही माझी खूण.

वसईकर
आम्ही कॅथलिक. वेदीवरची कापडं धुवून इस्त्री करायचं काम आईकडे असायचं. आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे) नि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे) जांभळं, नाताळ-ईस्टरला पांढरं, सामान्य काळात हिरवं. हा सामान्य काळ 33-34 आठवडे, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा! साक्षी सगळ्या जांभळ्या नाहीतर पांढऱ्या असतात, माझं आयुष्य हिरव्यातच चाललंय, विरार लोकल, ईएमआय, रविवारची मिस्सा. कुठे काही घडत नाही म्हणजे देव गप्प बसलाय असं मला तरी वाटत नाही, ते आठवडेही मोजलेलेच आहेत की.

नाव नको
चाळिशी ओलांडली, लग्न झालं नाही. मंडळीतल्या मावश्या मला सारा, हन्ना, अलीशिबा सांगतात, बायबलमधल्या, खूप वाट पाहून मूल झालेल्या. अहो त्या तिघींची लग्नं झालेली होती!! असो. वाट बघणं मी केव्हाच सोडलं, संडे स्कूलची पोरं घेते, मजेत आहे. पण देवाने नाहीच म्हटलं असेल तर त्यालाही "वेळ" म्हणायचं का? खरंच विचारतेय, वाद नाही घालत.

श्रीरामपूरकर
ताई, त्याला आम्ही सरळ "नाही" म्हणतो, उगाच वेळेचं नाव कशाला.
माझं थोडक्यात. बायको हिंदू घरातली, लव्ह मॅरेज. दर रविवारी चल चल म्हणून मी भांडायचो, शेवटी आमच्या पाळकांनी मला टिळकांचं सांगितलं, ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा, तोही त्यांच्या स्वतःच्या मनाने, नवऱ्याच्या मागे फरफटत नाही. तेव्हापासून मी बोलणं बंद केलं. ती अजून येत नाही. परवा मात्र पोराला बायबलमधला योसेफ वाचून दाखवत होती, सुटलेला प्यालेबरदार (राजाला प्याला देणारा) त्याला तुरुंगातच विसरतो तिथे थांबून मला विचारते, मग पुढे किती वर्षं? म्हटलं दोन. म्हणाली, फारच झाली.