विस्कॉन्सिनचा न्यायाधीश, बाहेरचा पैसा

मॅडिसनकर
एप्रिल २०२५ मध्ये आमच्या विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेसाठी निवडणूक झाली. इथे न्यायाधीशही मतदानानेच निवडतात. एकूण खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. न्यायाधीशाच्या निवडणुकीवर अमेरिकेत एवढा पैसा पूर्वी कधी ओतला गेला नव्हता. इलॉन मस्क आणि त्यांच्याशी जोडलेल्या गटांचे त्यात दोन कोटींहून जास्त. पलीकडे जॉर्ज सोरोस आणि इलिनॉयचे गव्हर्नर प्रिट्झकर यांच्या देणग्या डेमोक्रॅटिक पक्षामार्फत आल्या. यातल्या एकालाही इथे मत नाही!

मार्चभर आमची टपालपेटी चकचकीत पत्रकांनी भरून वाहत होती. दोन्ही बाजूंचं पालुपद एकच: समोरच्याने लैंगिक गुन्हेगारांना सौम्य शिक्षा दिल्या. गाड्या बनवणाऱ्या कंपनीने स्वतः शोरूम चालवू नये, या इथल्या कायद्याविरुद्ध मस्क यांच्या टेस्लाने जानेवारीतच दावा लावला होता. मला आलेल्या पत्रकांत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. सुपर पॅकला, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर हवा तेवढा खर्च करणाऱ्या गटांना, आणि राज्याबाहेरच्या देणग्यांना कडक मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुहास_डॅलस
निकाल का लिहिला नाहीत? सुझन क्रॉफर्ड दहा टक्क्यांनी जिंकल्या, मस्क यांचा उमेदवार पडला. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी अब्जाधीश ब्लूमबर्गनी खिशातले शंभर कोटींच्या आसपास घालवले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ हा एवढासा बेटांचा प्रदेश. त्याच वर्षी मेन राज्यात सिनेटच्या लढतीत सेरा गिडियन यांच्याकडे सुसान कॉलिन्स यांच्या दुपटीहून जास्त पैसा होता, तरी त्या हरल्या. मतदाराला इतकं भोळं समजू नका. १९७६ च्या बकली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रचारखर्चावर बंधन म्हणजे अभिव्यक्तीवर बंधन. मला ते पूर्ण पटतं. बंधनं आली की फावतं ते आधीच खुर्चीत बसलेल्याचं.

अनुजा
सुहास, तुम्ही गाजलेल्या लढती घेताय. प्रायमरी बघा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिथे मतदान कमी असतं. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या १६ व्या मतदारसंघात विद्यमान खासदार जमाल बोमन पडले. आयपॅक या इस्रायलसमर्थक संघटनेच्या सुपर पॅकने एकट्याने तिथे दीड कोटीच्या आसपास ओतले. त्याच वर्षी क्रिप्टोवाल्यांच्या फेअरशेक या सुपर पॅकने कॅलिफोर्नियात सिनेटच्या उमेदवार केटी पोर्टर यांच्याविरुद्ध एक कोटी खर्च केले, आणि जाहिरातींत क्रिप्टोचं नावही नाही. उमेदवाराला थेट द्यायचे तर त्या वर्षी एका निवडणुकीला ३,३०० डॉलरची मर्यादा, सुपर पॅकला मात्र वाट्टेल तेवढे. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड आणि स्पीचनाऊ या दोन न्यायालयीन निकालांनी हे दार उघडलं.

सुहास_डॅलस
बोमन फक्त पैशामुळे पडले? आग नसताना फायर अलार्म ओढल्याबद्दल सभागृहाने त्यांच्यावर निंदाठराव केला होता, आणि समोर वेस्टचेस्टर काउंटीचे प्रमुख लॅटिमर होते, घरोघरी माहीत असलेले. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार आठवा. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या प्रायमरीत आयपॅकच्याच सुपर पॅकने अ‍ॅडम हॉलियर यांच्यासाठी चाळीस लाखांहून जास्त घातले. जिंकले ठाणेदार.

मॅडिसनकर
ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले, हे का विसरता? स्वतःच्या पैशाला मर्यादा नाही, हेही बकलीनेच ठरवलं. म्हणजे पैशाशी टक्कर द्यायला पैसाच हवा. बोमन आधी ब्रॉन्क्समधल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. असा माणूस पदरचे कोटी कुठून आणणार?

ग्रीनकार्डवाला
पण ‘बाहेरचा’ नक्की कोण? मला इथे मत नाही, तरी ग्रीनकार्डामुळे कायद्याने देणगी देता येते. एच-वन-बीवर असलेल्या माझ्या मित्राला तीही देता येत नाही. आणि दूरच्या राज्यातून पंचवीस डॉलर पाठवणाऱ्या शिक्षिकेला मस्क यांच्या पंक्तीला बसवायचं का? राज्याबाहेरच्या देणग्यांवर सरसकट बंदीला माझा विरोध आहे.

अनुजा
तिला खुशाल देऊ दे, तिचा पैसा उमेदवाराच्या हिशेबात दिसतो. मला राग येतो तो लपवाछपवीचा. मतदानाला दोन-तीन आठवडे उरले की नवा सुपर पॅक उभा राहतो, नाव असं की वाटावं गावातल्याच लोकांनी काढलाय. देणगीदारांचा पहिला अहवाल निघतो मतमोजणीनंतर! काही ना-नफा संस्थांना तर देणगीदारांची नावं सांगावीच लागत नाहीत. सुहास, अभिव्यक्ती म्हणता ना, मग बोलणाऱ्याने तोंड का लपवायचं?

सुहास_डॅलस
नावं मतदानाआधी जाहीर व्हावीत, याला माझी हरकत नाही. रकमेवरच्या मर्यादेला आहे.

मॅडिसनकर
ती मर्यादा लोकांनाच हवी आहे. २०२४ मध्ये मेनच्या मतदारांनी सुपर पॅकला द्यायच्या देणगीवर ५,००० डॉलरची मर्यादा घातली, तीन-चतुर्थांशाच्या आसपास मतांनी. पुढच्याच वर्षी फेडरल न्यायालयाने तो कायदा रोखला.