गावकी-तालमींना मदतवाटपातून हाकला म्हणणाऱ्यांना उत्तर

रंकाळाकाठ : काल इथं एकानं लिहिलं, 'वादळ-पुरात मदत सरकारनेच वाटावी, कोळीवाड्यांची गावकी (गावच्या पंचांची मंडळी) आणि आपल्या कोल्हापूरच्या तालमी (गल्लीगल्लीतली मंडळं) मध्ये नकोत.' वाचून डोकं फिरलं. 2019 ला पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आणि पाणी 55 च्या वर. हायवे बंद. सरकारी बोट यायच्या आधी आमच्या तालमीची पोरं कंबरभर पाण्यात होती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं रायगडातलं श्रीवर्धन-दिवेआगर झोपवलं, मोबाईलसुद्धा बंद. तिथं कुणाची होडी फुटली, कुणाचं जाळं गेलं, गावकीला तोंडपाठ असतं. पंचनाम्यात होडीचा मालक येतो. खलाशी आणि पाटी घेऊन मासळी विकणारी बाई कुठल्या रकान्यात बसवणार?

भोईगल्ली : वर्गणी थकलेल्या घराला गावकी ताडपत्री देते का? रायगडात वाळीत टाकायची प्रकरणं झाली, म्हणून तर 2016 चा बहिष्कारविरोधी कायदा आला. आणि तालमीचं मला नको सांगू. नाव आमची, वल्ही आमच्या बापाच्या हातात, माणसं आम्ही काढली. मदतीच्या किटची यादी तालमीत झाली आणि आमची गल्ली शेवटाला. जाळी वाहून गेली, ती कुणी विचारली पण नाहीत.

कृष्णाकाठ : किटवर काय भांडायलाय? कर्नाटक कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.60 वरनं 524.256 मीटरवर न्यायला निघालंय, त्यावर बोला की!

रंकाळाकाठ : विषय मदतवाटपाचा आहे. 2019 चा पूर अलमट्टीमुळं नाही, असं सरकारनं पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलंय.

कृष्णाकाठ : समितीचा गोठा बुडला न्हवता, माझा बुडला. कुरुंदवाडात पाणी उतरतच न्हवतं. जनावरं दावी कापून सोडली. धरणामुळं मागं तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा बघायला ये एकदा, मग अहवाल वाच.

शाहूपुरी : राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, नदीपात्रातले भराव, पूररेषेतली बांधकामं, ह्यावर गप्प का? प्लॉट आपल्याच लोकांनी पाडले.

कृष्णाकाठ : माझ्या नावावर एक गुंठा पूररेषेत दाखव. उगाच तोंड उचलून बोलू नको.

रंकाळाकाठ : भोईगल्ली, तुमच्या जाळ्यांचं खरं आहे, नाकारत नाही. यादी चावडीवर लावावी, खलाशी नि बायकांची नावं घालावीत, वाळीतलं घर सुटलं तर तहसीलदारानं हात घालावा. एवढं मानतो. पण गावकीला बाहेर काढून पहिल्या दिवशी पोचणार कोण, ते सांगा.

भोईगल्ली : पोचतो आम्हीच. तुमच्या तालमीची 2019 ची यादी आधी इथं टाका, मग पुढचं बोलू.