अमेरिकेतील लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर जुनी टपाल तिकिटे: कमी खर्चात कशी निवडावीत?

न्यूजर्सीकर (प्रश्न)

नमस्कार. मुलीचे लग्न पुढील वर्षी न्यू जर्सीत आहे. सुमारे सव्वाशे पत्रिका अमेरिकेतल्याच पत्त्यांवर टपालाने पाठवायच्या असून, पाकिटावर एकच आधुनिक तिकीट लावण्याऐवजी रंगसंगती साधून जुनी तिकिटे लावावीत, अशी तिची इच्छा आहे. लग्नासाठी खास निवडलेले तयार संच मी पाहिले. त्यांची किंमत तिकिटांवर छापलेल्या मूल्याच्या कित्येक पट आहे. इतकी जुनी तिकिटे आज टपालासाठी चालतात का, कोणती स्वस्तात मिळतात आणि त्यांतून थोडी भारतीय छटा आणता येईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिकीटसंग्राहक

चालतात. यादवी युद्धाच्या काळात, १८६१ मध्ये, तोवरची जुनी तिकिटे अमेरिकेने रद्द केली. त्यानंतरची न वापरलेली सर्वसाधारण टपाल तिकिटे आजही छापील मूल्याला वैध आहेत. ‘पोस्टेज ड्यू’ किंवा ‘स्पेशल डिलिव्हरी’ असे छापलेली मात्र घेऊ नयेत. शिक्का न उमटलेले वापरलेले तिकीट पुन्हा लावणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तो मोह टाळलेला बरा.

माझ्या मते निवड चित्रापासून नव्हे, बेरजेपासून सुरू करावी. जुलै २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार एक औंसापर्यंतच्या साध्या पत्राला ७८ सेंट आणि पुढच्या औंसाला आणखी २९ सेंट धरले आहेत. लोक १९३० ते १९५० च्या दशकांतील तीन सेंटांच्या देखण्या तिकिटांच्या प्रेमात पडतात. पण तेवढ्यावर ७८ सेंट भरायचे तर सव्वीस तिकिटे लागतील आणि पत्ता लिहायला जागा उरणार नाही. कणा १९८० च्या दशकातील तिकिटांचा ठेवावा. १९८२ मध्ये पन्नास राज्यांचे पक्षी आणि फुले दाखवणारी वीस सेंटांची तिकिटे निघाली, १९८४ मध्ये त्याच मूल्याची ऑर्किडची चार आली, तर १९८१ मध्ये गुलाब, कॅमेलिया, डेलिया आणि लिली यांची अठरा सेंटांची. वीसची तीन आणि अठराचे एक लावले की बरोबर ७८ होतात. पत्रिका दोन औंसांपर्यंत गेली तर १९९३ च्या बागेतील फुलांच्या मालिकेतले २९ सेंटांचे एक तिकीट जोडावे. फुलांचा मेळही बिघडत नाही. पक्ष्यांच्या पानावर प्रत्येक राज्याचे एकच तिकीट असते, म्हणून प्रत्येक पाकिटावर न्यू जर्सीचा गोल्डफिंच हवा, असा हट्ट मात्र धरू नये.

ही तिकिटे कोट्यवधींनी छापली गेली आणि लोकांनी पुढे भाव येईल म्हणून ती जपून ठेवली. भाव आला नाही. त्यामुळे व्यापारी अशी पाने बहुधा दर्शनी किमतीपेक्षाही कमी दराने विकतात. डिंक गेलेली किंवा मागे संग्रहवहीची पट्टी चिकटल्याची खूण असलेली तिकिटे मागितल्यास आणखी स्वस्त पडतात. पाकिटावर चिकटवल्यावर मागची बाजू कोण पाहणार?

‘फॉरेव्हर’ तिकिटे, म्हणजे दर वाढले तरी एक औंसाच्या पत्राला कायम चालणारी तिकिटे, कोणी निम्म्या दराने देऊ लागले, तर ती बनावट असण्याची शक्यता मोठी असते. तसेच मूल्याच्या आकड्याऐवजी केवळ अक्षर छापलेली तिकिटे ‘फॉरेव्हर’ नसतात: ‘ए’ म्हणजे पंधरा, ‘बी’ म्हणजे अठरा, ‘सी’ म्हणजे वीस सेंट, एवढेच.

शाईदौत

वरील बेरजेत एक भर घालते. संपूर्ण पत्रिका, आतला कागद, उत्तराचे पाकीट आणि अक्षता घालणार असल्यास त्याही, असे सर्व भरून टपाल खात्याच्या खिडकीवर वजन करून घ्यावे आणि मगच तिकिटे विकत घ्यावीत. चौरस पाकिटाला किंवा लाखेच्या मोहरेने उंचसखल झालेल्या पाकिटाला अधिभार पडतो, आणि जाडी पाव इंचापेक्षा जास्त झाली तर ते साधे पत्र राहतच नाही.

तिकिटे एकमेकांवर चढवू नयेत, कारण अंशतः झाकलेल्या तिकिटाचे मूल्य धरले जात नाही. जुन्या डिंकावर भरवसा न ठेवता ग्लू स्टिक वापरावी. १९६० च्या दशकापासून तिकिटांवर यंत्राला ओळखता येईल असा चमकणारा लेप देण्यास सुरुवात झाली; त्याआधीच्या तिकिटांवर तो नसल्याने पाकिटावर निदान एखादे नंतरचे तिकीट असावे.

न्यूजर्सीकर

मनःपूर्वक आभार. भारतीय छटेचा प्रश्न तेवढा राहिला. आमच्याकडे भारतातील जुन्या तिकिटांची एक वही आहे; ती पाकिटावर शोभेसाठी लावली तर चालतील का?

तिकीटसंग्राहक

पत्त्याच्या बाजूला नकोत. अमेरिकेत त्यांना टपालमूल्य नाही आणि तपासणाऱ्याचा गोंधळ होईल. ती पत्रिकेच्या आत लावावीत. तुमच्या वहीत १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतील वापरलेली तिकिटे सापडली, तर ती लावावीत; त्या मालिकेत घारापुरीची त्रिमूर्ती आणि अजिंठ्याचा फलक आहे.

पाकिटावर भारतीय विषयाचे अमेरिकी तिकीट हवे असेल, तर २०१६ चे दिवाळीचे ‘फॉरेव्हर’ तिकीट आहे. आणि खरोखरच जुने हवे असेल, तर २६ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने महात्मा गांधींची चार आणि आठ सेंटांची तिकिटे काढली होती. आठ सेंटांच्या त्या तिकिटाजवळ १९७३ चे आठ सेंटांचे ‘लव्ह’ तिकीट, पक्ष्यांची वीसची दोन आणि १९८५ चे बावीस सेंटांचे ‘लव्ह’ तिकीट ठेवा; ७८ भरतात. दोन ‘लव्ह’ तिकिटांच्या शेजारी गांधीजी बसवणे रुचेल का, ते मात्र मुलीला विचारून ठरवा. सव्वाशे पाकिटांना न पुरल्यास निम्म्या पाकिटांवर ही जुळणी आणि उरलेल्यांवर फुलांची, असे केले तरी काही बिघडत नाही.