मदत हवी आहे: लहान मुलांसाठी टिकाऊ सुती कपडे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

लेक अकरा वर्षांची आहे, धाकटा अडीचचा. लेकीच्या वेळी मी एकाच ब्रँडचे कपडे घ्यायचे (नाव मुद्दाम लिहीत नाही). ते इतके टिकले, की नणंदेच्या मुलाने वापरून झाल्यावर त्यातले काही आता धाकट्याच्या अंगात आहेत. म्हणून त्याच ब्रँडचे चार टीशर्ट डोळे झाकून ऑनलाइन मागवले. दोन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर आली आणि गळा सैल पडला.

राहवेना म्हणून काल जुना आणि नवा टीशर्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. दोन्ही २-३ वर्षांच्याच मापाचे. जुना ११२ ग्रॅम, नवा ७८. जुन्याच्या लेबलवर १००% कॉटन आहे, नव्याच्या ६०% कॉटन, ४०% पॉलिस्टर. जुन्या टीशर्टवरचा हत्ती फिका झालाय, पण हात फिरवला तर कापडच लागतं. नव्यावरचं चित्र रबरासारखं चिकटवलेलं आहे, त्याला आत्ताच चिरा पडल्यात आणि त्याखाली मुलाला घामोळं येतं. मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा होतोय.

बाकी ढबही बदलली आहे. आधी खांद्यावर टिचबटणं असायची, डोकं सहज जायचं. पँटच्या कमरेत आतून बटणाने कमी-जास्त करता येणारं भोकांचं इलॅस्टिक आणि खाली भरपूर दुमड, त्यामुळे एक पँट दोन वर्षं चालायची. आता मोठ्यांचेच कपडे लहान करून शिवल्यासारखे दिसतात: घट्ट जीन्स, उतरत्या खांद्यांचे ढगळ टीशर्ट, सगळे राखाडी नाहीतर मातकट. फोटोत छान दिसतात. पण मूल वाढणार आहे, हे शिवणाऱ्याच्या डोक्यात होतं असं वाटत नाही.

लक्ष्मी रोडवरच्या आमच्या जुन्या दुकानदार काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, नाव तेच असलं तरी माल दर सीझनला त्याच कारखान्यातून येतो असं नाही. तिरुप्पूरच्या होजियरी कारखान्यांत ज्याचा भाव जमेल त्याला काम जातं. तुम्ही नावापेक्षा जीएसएम बघा." जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यांच्या मते रोजच्या टीशर्टला १६० ते १८० असावा, आणि इंटरलॉक विणीचं कापड मिळालं तर उत्तम, कारण ते दोन्ही बाजूंनी सारखं असतं आणि धुतल्यावर पिळवटत नाही. पण ऑनलाइन घेताना बहुतेक ठिकाणी जीएसएम लिहिलेलाच नसतो!

तर विचारायचं हे होतं:

गेल्या एक-दोन वर्षांत घेतलेले आणि किमान वीस-पंचवीस धुणी नीट टिकलेले कपडे कुणाकडे आहेत का? ब्रँड आणि साधारण कधी घेतले तेही लिहा, कारण पाच वर्षांपूर्वीचा अनुभव आता धरता येईल असं मला वाटत नाही. पुण्यात ताग्यातून होजियरी कापड घेऊन मुलांचे टीशर्ट नीट शिवून देणारं कुणी माहीत आहे का? साधे शिंपी नाही म्हणतात, त्यांच्याकडे ओव्हरलॉक मशीन असतं पण गळ्याची रिब (ताणली जाणारी विणलेली पट्टी) लावायला तयार नसतात. आणि ऑनलाइन फोटोवरून कापडाची जाडी ओळखायची काही खूण आहे का?

बजेट टीशर्टमागे ४००-५०० रुपये. थोडे जास्त गेले तरी चालतील, पण पूर्ण सुती हवेत आणि छातीवर रबरी चित्र नको. थंडीच्या आधी सहा-सात घ्यायचे आहेत.