बूस्टरच्या भेटीतच एडीएचडीचंही उरकावं का?

लसीच्या बूस्टरला नेतोच आहोत, तर एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा असा विकार) निदानही त्याच भेटीत उरकून घ्यावं का, असा प्रश्न आहे. विषय जरूर काढा, पण निदान वेगळ्या, निवांत भेटीत करून घ्या. सुईच्या धास्तीने मूल दवाखान्यात दहा मिनिटं एकतर पुतळ्यासारखं बसतं, नाहीतर थयथयाट करतं. त्यावरून काय कळणार?

एडीएचडीच्या निदानाला रक्ततपासणी नाही की स्कॅन नाही. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) च्या निकषांनुसार लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. म्हणून तर व्हँडरबिल्टसारखी प्रश्नावली पालकांबरोबर शिक्षकांकडूनही भरून घेतात. (आणि तो फॉर्म दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला सापडतो, हेही ओघाने आलंच.)

नेहमीच्या तपासणीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे: कान आणि डोळे तपासून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर मूल हाकेला ओ देत नाही आणि 'लक्षच नसतं' असा शिक्का बसतो. रात्री घोरत असेल तर तेही सांगा. झोप अपुरी झालेली मुलं पेंगतातच असं नाही, उलट जास्त चळवळ करतात.

लस मात्र ठरल्या वेळी द्या. एडीएचडीचं मूल्यमापन चालू आहे म्हणून ती लांबवायचं काही कारण नाही. पुढे औषध सुरू झालंच, तर उंची, वजन, नाडी आणि रक्तदाबाची नोंद दर भेटीत ठेवायला सांगा.