परदेशातील ऑलिम्पिकमध्ये स्वयंसेवक व्हायचे आहे

प्रश्न (रत्नागिरी): मी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी असून २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा, असे मनात आहे. खर्च कोण करते?

उत्तर (मालवण): २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या सुमारे ४५,००० स्वयंसेवकांत मीही होतो. गणवेश आणि कामाच्या वेळेतले जेवण मिळाले. विमानभाडे व राहण्याची सोय मात्र ज्याची त्याने करायची होती, आणि वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले. शिडाच्या होड्यांच्या शर्यती पॅरिसमध्ये नव्हे, तर फ्रान्सच्या मार्सेय बंदरात होत्या. तिथे ओला दोर ओढताना तळहात सोलले, तेव्हा आमच्या मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) आठवून डोळे भरून आले. ताई, अवश्य जा.

उत्तर (वेंगुर्ले): निवड झाली तरी व्हिसा वेगळा काढावा लागतो, म्हणून तिकिटाची घाई करू नकोस, बाळ. अर्जासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाने आमच्या शेजारच्या मुलाला फसवले आहे.

प्रश्नकर्ती: दादा, काका, मनापासून आभार. आजपासूनच पैसे बाजूला टाकते.